पॅकी डोलनचा गोल

टोबररो,
१२ फेब्रुवारी १९८४

प्रिय जार्लथ,

ख्रिसमसच्या कार्डाला तू नेहमीप्रमाणे उत्तर दिलं नाहीस, बायकोनेच, हिल्डाने, दिलं. तिला माझा नमस्कार सांग. आज मी त्यावरून भांडायला बसलेली नाही. आज भांडायला त्याहून चांगलं कारण आहे.

आपल्या आयरिश खेळांच्या संघटनेला यंदा शंभर वर्षं होतायत, त्यामुळे आयर्लंडमधल्या प्रत्येक गावाला स्वतःचा इतिहास छापायची हुक्की आलीय. आपलं गाव मागे कसं राहील? गेराटी मास्तरांकडे काम दिलंय. शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये त्यांनी त्यातली प्रकरणं वाचून दाखवली. चहा होता, हॅमची सँडविचेस होती, आणि अर्धं गाव होतं. मास्तर पुलापलीकडचे, म्हणजे आपल्या आयरिश फुटबॉलवाले. पहिल्या प्रकरणात त्यांचे आजोबा, दुसऱ्यात आजोबांचे भाऊ. गावातल्या पहिल्या सामन्यात एकेका बाजूला एकवीस माणसं होती आणि शेवटी पाद्रीबाबा चेंडूच घेऊन गेले, एवढं मात्र त्यांनी झकास लिहिलंय. मी हसले. आमचा मॅटी, नवरा असला तरी शेवटी पुलापलीकडचाच, इतका हसला की त्याचा चहा सांडला. मग फुटबॉलचे आठ कप एकेक करून मोजून झाले आणि शेवटी पुलाच्या अलीकडच्या काठी घेऊन खेळणाऱ्या आम्हा हर्लिंगवाल्या गरिबांची पाळी आली. आमचा कप एकच, एक्कावन्न सालचा.

आता नीट वाच. मास्तरांनी वाचलं, 'सामना संपायला आला असताना पॅकी डोलन याने उजव्या कोपऱ्यातून आलेला चेंडू जमिनीला लागू न देता हवेतच मारला आणि टोबररोच्या इतिहासातला सर्वांत सुंदर गोल केला.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. पॅकी मागच्या रांगेत टोपी हातात फिरवत उभा होता. आणि मेमध्ये आपल्या मैदानावर, गोलच्या मागच्या भिंतीवर, त्याच्या नावाची संगमरवरी पाटी बसणार आहे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पॅकी डोलन त्या सामन्यात होता कुठे? तो स्कॉटलंडला बटाटे काढायला गेला होता. त्याचं नाव मोकळं होतं, म्हणून तुला त्याच्या नावावर उतरवलं, कारण तुझ्या स्वतःच्या नावावर बंदी होती. आणि बंदी कशासाठी? डब्लिनला एकदा सॉकरचा सामना पाहिलास म्हणून. नुसता पाहिलास. इंग्रजांचा परका खेळ पाहणाऱ्याला आपल्या मैदानावर जागा नाही, असा तेव्हाचा नियम. तुला तिथे कोणी पाहिलं? कॅनिस तुलीने. तो पहारा समितीवर होता, म्हणून त्याला बघायची मुभा होती. पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत, भरपगारी रजा घेऊन त्याने कर्तव्य म्हणून सॉकर पाहिलं. आणि अंतिम सामना जवळ आल्यावर तुझ्यावाचून चालणार नाही हे कळलं, तेव्हा तुला दुसऱ्याच्या नावाने मैदानात सोडणाराही तोच. त्याच्यावर या पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे. मथळा ऐक, 'निष्ठेचा पहारेकरी'.

इतकी वर्षं मी गप्प बसले, कारण खरं कळलं तर कप जाईल, असं संघातले सगळे सांगायचे. पण पबमध्ये त्या गोलच्या नावावर फुकटची बिअर पॅकीला मिळत राहिली आणि तू परक्या शहरात बस हाकत राहिलास. आता पाटीसुद्धा त्याचीच? मी मास्तरांना खरं सांगणार आहे. तुझा होकार तेवढा कळव.

तुझी,
डिम्फ्ना


बर्मिंगहॅम,
२६ फेब्रुवारी

प्रिय डिम्फ्ना,

होकार नाही.

तुझं पत्र मी हिल्डाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'तुझी बहीण लिहिते तेव्हा कागद गरम लागतो.' खरंच लागतो. पण एवढं पेटायचं कारण काय? एक चेंडू होता, तो आत गेला. कोणीतरी मारला. मी जन्मभर बस चालवली, तिच्यावर माझं नाव कुठे लिहिलंय? माणसं कामावर पोचली, बस्स.

आणि बंदीचं आता कोणाला काय? तो नियमसुद्धा केव्हाच काढून टाकलाय. माझा नातू शाळेच्या सॉकर टीममध्ये गोलकीपर झालाय, हे मात्र तुलीला कळवू नकोस. म्हातारपणी उगाच त्याला बोटीचा प्रवास पडायचा.

इथे थंडी आहे. गुडघा दुखतो. मॅटीला सांग, आठ कप असले तरी फुटबॉल म्हणजे हर्लिंग ज्यांना जमत नाही त्यांचा खेळ.

मास्तरांना काही सांगू नकोस. आणि पॅकीला तर एक शब्दही बोलायचा नाही. हे मी विनंती म्हणून लिहीत नाहीय.

जार्लथ


टोबररो,
८ मार्च

जार्लथ,

विनंती नाही म्हणतोस, म्हणजे हुकूम आहे का? हुकूम द्यायचा असेल तर कारणही द्यावं लागतं. 'एक चेंडू होता' हे काही कारण नव्हे. तो चेंडू मी पाहिलाय. लॉरीच्या मागच्या फळीवर बसून, हाडं खिळखिळी करून घेत मी त्या सामन्याला आले होते. गावातून यायला मिळालं ते मूठभरच. तू टोपी डोळ्यांवर ओढली होतीस, तरी पहिल्याच फटक्याला माझ्या शेजारची बाई म्हणाली, 'हा तर नूनचा पोरगा.' मी तिचा हात दाबला. दात आवळून बसले. भाऊ असा खेळतोय आणि मला त्याचं नाव ओरडता येत नाही! 'शाब्बास पॅकी' असं ओरडायला लागलं मला. तुझ्या बसबद्दल मला काही सांगू नकोस. बसमधल्या माणसांना आपल्या ड्रायव्हरला दुसऱ्याच्या नावाने हाक मारावी लागत नाही.

तर मी मास्तरांकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग म्हणाले, 'मिसेस किलगॅरिफ, बंदी असलेला माणूस खेळला असं छापलं तर तो कप आपला राहत नाही. अंतिम सामन्यात हरलेले किलमीनवाले अजून टपून बसलेत.' मी विचारलं, खोटं छापलं तर राहतो का? तर म्हणे, इतिहासाला गावाचाही विचार करावा लागतो. पुन्हा चष्मा पुसला. मी विचारलं, तुलीवरचं प्रकरण तरी गाळाल का? ते म्हणाले, तुली अध्यक्ष आहेत आणि छपाईचं तेच बघतायत. बघतायत, म्हणजे तिथेही पहारा चालूच.

तिथून बाहेर पडले ती धुमसतच. आणि समोर खाटकाच्या दुकानापाशी पॅकी डोलन उभा, हातात चॉप्सची पुडी. तुझा हुकूम माझ्या लक्षात होता, खोटं कशाला सांगू? पण तोंड आवरलं नाही. मी म्हणाले, 'पॅकी, दुसऱ्याच्या गोलवर इतकी वर्षं बिअर प्यायलास, आता त्याच्या दगडावर नाव कोरून घेताना तुला लाज नाही वाटत?' मोठ्याने म्हणाले. दुकानात चार जण होते, त्यांनी ऐकलं. ऐकावं म्हणूनच म्हणाले.

त्याने पुडी काखेत घातली. टोपी काढली, माझ्याकडे बघून मान लववली आणि पुलाकडे चालू लागला. चोर असाच गप्प बसतो. मला बरं वाटलं. घरी आल्यावर मॅटी म्हणाला, 'तू त्याला चौकात नागडं केलंस.' मी म्हटलं, कपडे माझ्या भावाचे होते.

उत्तर दे. कारणासकट.

डिम्फ्ना


बर्मिंगहॅम,
१५ मार्च

डिम्फ्ना,

मी तुला सांगितलं होतं. आता कारण ऐक, आणि वाचून झाल्यावर माझ्यावर ओरडू नकोस, कारण मी आधीच इतका संतापलोय की हिल्डा कुत्र्याला घेऊन बाहेर निघून गेलीय.

पॅकी स्कॉटलंडला गेलाच नव्हता. डोलनांनी तसं सांगितलं होतं. तो सॅनेटोरियममध्ये होता, क्षयाने. तुला तो काळ आठवतो. ज्या घरात क्षय, त्या घराच्या फाटकाला लोक हात लावायचे नाहीत. त्यांच्याकडचं दूध कोणी घ्यायचं नाही. डोलनांच्या दोन्ही मुली लग्नाच्या होत्या. मोठीचं दूरच्या गावात जमत आलं होतं आणि त्या लोकांच्या कानावर काहीतरी गेलं होतं. ते विचारत होते, मुलीचा भाऊ दिसत नाही तो कुठे असतो, आणि खोकतो म्हणे, खरं का.

तुली मला कुठलंतरी बनावट नाव देणार होता. शोधायलाही त्याने डोकं खाजवलं नव्हतं. रविवारी मासच्या प्रार्थनेनंतर पॅकीची आई मला चर्चच्या मागे भेटली. काळी शाल, हातात जपमाळ. ती म्हणाली, 'जार्लथ, तुला नाव पाहिजे आणि माझ्या पोराला अंगात जीव असल्याचा पुरावा पाहिजे. आमचंच नाव घे. पण चांगला खेळ हं.' एवढंच. काउंटीच्या अंतिम सामन्यात खेळलेल्या माणसाला क्षय आहे असं कोण म्हणेल? आणि पेपर तर सगळ्या काउंटीत जातो.

म्हणून मी तसा खेळलो. तुला वाटतं मी तुलीला दाखवून द्यायला खेळलो. त्या चेंडूखाली गेलो तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं, की पॉइंट मारला तर पेपरात नुसता आकडा येतो आणि गोल मारला तर नाव येतं. दांडीवरून मारून पॉइंट सहज निघाला असता. मी दांडीखाली, गोलमध्ये मारला. तो पॅकीचा गोल आहे, डिम्फ्ना. पहिल्यापासून त्याचाच होता. पॅकीच्या बहिणीचं लग्न पुढच्याच महिन्यात झालं.

मी त्या बाईला शब्द दिला होता की माझ्या घरातही कोणाला कळणार नाही. ती गेली, तरी मी शब्द पाळला. आणि तू त्याच माणसाला खाटकाच्या दारात चोर म्हणालीस.

जार्लथ


टोबररो,
२ एप्रिल

जार्लथ,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. दोन दिवस माझं दुकानही उघडलं नाही. तुझ्यावर ओरडू नकोस म्हणतोस, पण ओरडणार आहे. मी परकी होते का? त्या काळात तू मला एक शब्द सांगितला असतास तर मी जीभ कापून दिली असती पण बोलले नसते. एवढी वर्षं त्या माणसाकडे मी तोंड फिरवून चाललेय. त्याच्या आईच्या अंत्यविधीला मी हात मिळवला तो दोन बोटं पुढे करून. तुझ्या शब्दाची किंमत तू मोजलीस, पण मीसुद्धा ती न कळता मोजत होते. असो. माझी शरम मलाच निस्तरायची आहे.

मी पॅकीकडे गेले. दारात उभं राहून सांगितलं की चुकले. तो म्हणाला, 'आत ये, वारा लागतोय, मला वारा सोसत नाही.' चहा त्याने केला, मला करू दिला नाही. मग बोलला. इतका बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

तो म्हणाला, 'तिथे खिडक्या उघड्या ठेवायचे, डिम्फ्ना, हिमात सुद्धा. मंगळवारी नर्स पेपर घेऊन आली आणि म्हणाली, डोलन, रविवारी आमची नजर चुकवून कुठे पळाला होतास? आख्खा वॉर्ड हसला. त्या वॉर्डात कोणी हसत नसे गं. मग रोज रात्री सगळे म्हणायचे, पॅकी, गोल सांग. आणि मी सांगायचो. दर वेळी थोडा वेगळा. माझ्या शेजारच्या खाटेवरचा पोरगा जायच्या आदल्या दिवशी म्हणाला, आज जरा लांबून मार.'

मी रडले. तो म्हणाला, रडू नकोस, तो गोल मी इतक्या वेळा मारलाय की निम्मा तरी माझा असेल. बिअरचं विचारलं तर म्हणाला, लोक ग्लास पुढे सरकवत, नाही म्हटलं तर का नाही ते सांगावं लागलं असतं.

पण खरी गोष्ट तुला पुढेच सांगायचीय. मी चौकात ओरडले त्याच संध्याकाळी तो मास्तरांकडे गेला होता. सगळं सांगितलं, सॅनेटोरियमसकट. म्हणाला, आई गेली, बहिणींना नातवंडंसुद्धा झाली, आता लपवायचं कोणासाठी? गोल जार्लथ नूनचा आहे, पाटीवर त्याचं नाव घाला.

मग समितीची बैठक झाली. मॅटी फुटबॉलचा म्हणून समितीवर आहे, त्याने घरी येऊन सांगितलं तेव्हा तो रागाने लाल होता, आणि मॅटीला तू ओळखतोस, त्याला राग यायला आठवडा लागतो. तुली म्हणाला, नूनचं नाव छापणं म्हणजे नियम मोडल्याची कबुली. आणि डोलन तिथे नव्हताच असं तो स्वतःच सांगत फिरतोय, तेव्हा त्याचंही नाव नको. शिवाय क्षयाचा विषय शतकमहोत्सवी ग्रंथात शोभत नाही. पाहुणे येणार, बिशप येणार. मॅटीने विचारलं, किलमीनवाल्यांना भिता का? त्यांचा तेव्हाचा कप्तान मागच्या आठवड्यात गुरांच्या बाजारात मॅटीला म्हणाला की त्यांनी नूनला पहिल्या मिनिटाला ओळखलं होतं, पण तक्रार कशी करणार, त्यांच्या मधल्या फळीत दुसऱ्याच्या नावाने खेळत होता तो त्यांचाच तरुण पाद्री होता. सगळे हसले, तुली हसला नाही. मतं पडली. मॅटी एका बाजूला, बाकी सगळे दुसऱ्या. मास्तरांनीही हात वर केला, चष्मा पुसत.

आता पाटी रद्द झालीय. आणि पुस्तकात काय छापणार आहेत ते मॅटीने कागदावर उतरवून आणलं. 'यानंतर टोबररोच्या बाजूने एक गोल झाला.'

बस्स. एक गोल झाला. तुलीच्या प्रकरणाला मात्र त्यांनी आणखी एक फोटो दिलाय.

पॅकीला मी हे सांगितलं. त्याने शेगडीत आणखी कोळसा टाकला. मग म्हणाला, 'माझं नाव काढलं ते ठीक, पण त्याचं तरी घालायचं होतं.' आणि मला दारापर्यंत सोडायला आला नाही.

काय करू सांग. या वेळी तुझ्या उत्तराशिवाय मी कोणाशीही बोलणार नाही.

डिम्फ्ना


बर्मिंगहॅम,
११ एप्रिल

प्रिय डिम्फ्ना,

तू रागावलीस ते बरोबर होतं. तुला सांगायला हवं होतं. बाकीचं घरी आल्यावर बोलू.

हो, घरी. हिल्डाने तिकीट काढलंय. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी रात्रीची बोट, शुक्रवारी दुपारपर्यंत मी टोबररोत असेन. आईच्या अंत्यविधीला मी आलो नाही, हे तू मला कधी माफ केलं नाहीस, आणि मीही कधी कारण सांगितलं नाही. त्या गावात मी बंदीवाला होतो. पुलावर उभे राहून लोक बघतील आणि तुली शोकाचा चेहरा करून माझा हात धरेल, ते मला सोसलं नसतं. एवढ्याशा गोष्टीसाठी मी माझ्या आईला खांदा दिला नाही. आता विचार कर, एवढी वर्षं मी त्या गावाला केवढं भिऊन होतो.

'एक गोल झाला.' हे वाक्य मी बसस्टॉपवर उभा राहून मोठ्याने म्हणून पाहिलं. शेजारची बाई दूर सरकली. कसा झाला? वाऱ्याने केला? मेंढरू आलं आणि ढकलून गेलं? मी तो गोल पॅकीला दिला होता. आनंदाने दिला होता आणि कधी परत मागितला नाही. पण मी तो तुलीला दिला नव्हता, समितीला दिला नव्हता, आणि कोणाचाच नाही म्हणून भिरकावून द्यायला तर नाहीच नाही. एका माणसाला ज्यांनी खेळू दिलं नाही आणि दुसऱ्याला खोकू दिलं नाही, त्यांनी आता दोघांनाही पुसून टाकायचं आणि कप तेवढा कपाटात ठेवायचा?

मास्तरांना सांग, छपाई थांबवा. मी समितीसमोर उभा राहणार आहे. त्यांनी असं छापायचं, की तो गोल जार्लथ नूनने पॅकी डोलनच्या नावाने मारला, कारण एकाने सॉकर पाहिलं होतं आणि दुसऱ्याला क्षय झाला होता, आणि या गावात दोन्ही गोष्टी सारख्याच लपवाव्या लागत. त्यामुळे कप जात असेल तर जाऊ दे. मीच तो उचलून किलमीनला नेऊन देईन, त्यांच्या पाद्रीबाबाच्या हातात.

पण आधी तू पॅकीकडे जा. हे वाक्य त्याला वाचून दाखव आणि विचार, चालेल का. क्षयाचा शब्द नको असेल तर तो म्हणेल तसं. तो नाही म्हणाला तर मी समितीकडे फिरकणार नाही, तोंडातून अवाक्षर काढणार नाही, पण तरीही येईन. त्याच्या स्वयंपाकघरात बसेन, दार लावून घेऊ म्हणजे वारा लागायचा नाही, आणि मी त्याला म्हणेन, पॅकी, गोल सांग. मी तिथे असताना मला तो नीट दिसलाच नव्हता.

जार्लथ